भित्यापाठी ब्रह्मराक्षस

ज्यास कशाचेच भय वाटत नाही असा मनुष्य आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही. आपणांस कशाचेच भय वाटत नाही असे सांगणारे मात्र पुष्कळ आले. त्यांपैकी एकास झुरळाची, दुसऱ्यास सासऱ्यांच्या पत्राची व तिसऱ्यास दंतवैद्याच्या खुर्चीची दहशत होती, हे पुढे यथावकाश उघडकीस आले. आणि तेव्हापासून आमचे त्यांच्यावरील प्रेम वाढले. निर्भय माणसाशी मैत्री करणे कठीण असते. ज्याला घाबरताना आपण एकदा पाहिले, तो आपला झाला.

युद्ध, दुष्काळ, भूकंप इत्यादी थोर भयांचा विचार येथे करावयाचा नाही. त्यांजकरिता थोर ग्रंथ आहेत. आमचा विषय घरगुती आहे. जी भये चारचौघांत कबूल करावयास लाज वाटते, जी रात्री दिवा मालविल्यावर गोधडीच्या आत आपल्याशी बोलू लागतात, आणि सकाळी चहाच्या पेल्यासमोर ज्यांचे नावही काढवत नाही, ती ही भये. त्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही. इतिहासकारही त्यातलेच असावेत.

प्रथम मान पालीचा. आमचे एक मामा धुळ्यास धान्याच्या अडतीवर होते. भरलेले पोते पाठीवर घेऊन ते जिना चढत. आग्रा रोडवरून ते चालू लागले म्हणजे बैल वाट देत असे मामींचे म्हणणे होते, आणि मामींस मामांची स्तुती करण्याची सवय नव्हती. अशा या भीमास पालीचे भय! भिंतीवर पाल दिसली की मामा थंडीच्या दिवसांतही अंगणात खाट टाकीत. मामी केरसुणी घेऊन पालीस खिडकीची वाट दाखवीत, आणि मग घरात येता येता मामा म्हणत, ‘‘बाहेर हवा मोठी छान होती.’’ पंचांगात पल्लीपतनाचे कोष्टक असते. अंगाच्या कोणत्या भागावर पाल पडली असता कोणते फळ मिळते ते त्यात दिलेले असते. मामांना ते मुखोद्गत होते. त्यातील काही फळे चांगली शुभ आहेत. परंतु एकाचाही लाभ घेण्यास ते कधी राजी झाले नाहीत.

वास्तविक घरातील पाल विषारी नसते. तिच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांचे दाट पुंजके असतात, आणि त्यांच्या योगाने, डिंकाचा थेंबही न लावता, ती छतास उलटी चिकटून राहते. संकट आले की ती आपले शेपूट तोडून टाकते. शेपूट वळवळत राहते, शत्रू त्याकडे पाहत बसतो आणि पाल पसार होते. म्हणजे पळून जाण्याच्या विद्येत मामा व पाल हे सहाध्यायीच होते. परंतु ही माहिती आम्ही मामांस सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘‘शेपूट तुटल्यावर ते किती वेळ वळवळते?’’ आणि त्या रात्रीही खाट अंगणात गेली. भय माहितीने जातेच असे नाही. तिने ते थोडे विनोदी होते इतकेच. पण तेही काही कमी नव्हे.

आमचे स्वतःचे भय अंधाराचे. बालपणीचा बराच काळ धुळे जिल्ह्यातील एका खेड्यात आजीपाशी गेला. घरामागे परसू, परसात शेवगा, आणि कुंपणापलीकडे एक जुना पिंपळ. त्या पिंपळावर मुंजा राहतो हे गावातील प्रत्येक मुलास ठाऊक होते. तो कोणी पाहिला हे मात्र कोणासच ठाऊक नव्हते. एका रात्री वीज गेलेली असताना परसात काहीतरी पांढरे हलले आणि पाठोपाठ खोकल्यासारखा आवाज आला. आम्ही गोधडीत शिरलो. आजीने कंदील पेटविला, आमच्या हाती दिला, आणि अहिराणीत म्हणाली, ‘‘कसाले घाबरस रे? जाय, देखी ये.’’ ती स्वतः आली नाही. परंतु दारात उभी राहिली. त्या दोन गोष्टींपैकी कोणती अधिक महत्त्वाची, याचा निर्णय आम्हांस आजवर करता आलेला नाही.

परसात आजोबांचे धोतर दोरीवर वाळत होते, आणि धोतराखाली शेजाऱ्यांची शेळी आमच्याकडे आमच्याइतकीच भेदरून पाहत होती. आम्ही विजयी मुद्रेने परत येऊन ही वार्ता सांगितली. आजी म्हणाली, मग येताना ते काढून आणावयाचे नाही का, दवात भिजेल. आणि आमची पुन्हा रवानगी झाली. दुसऱ्या खेपेस अंधार तोच होता, परंतु धोतर ओळखीचे झाले होते.

पिंपळाविषयीही पुढे थोडे कळले. त्याच्या पानाचा देठ लांब व लवचिक असतो, त्यामुळे इतर झाडे निश्चल असतानाही पिंपळाची पाने सळसळतात, आणि मध्यरात्री ती सळसळ पाऊस आल्यासारखी किंवा कोणी कुजबुजत असल्यासारखी वाटते. त्यात जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्यांचे बिऱ्हाड असले तर मुंज्यास आणखी वेगळे साहित्य लागत नाही. चकव्याची गोष्ट याहून मौजेची आहे. रात्री शेतातून घरी निघालेला मनुष्य पहाटेपर्यंत चालतो आणि पुन्हा त्याच बांधावर येतो, हा अनुभव आमच्याकडे इतक्या लोकांनी सांगितला आहे की त्या सर्वांस खोटे ठरविणे अन्यायाचे होईल. ते खोटे बोलत नव्हते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी काही माणसांस जर्मनीतील एका विस्तीर्ण अरण्यात व काहींस ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालत राहण्यास सांगितले होते. सूर्य अथवा चंद्र दिसत होता तोवर ती बरीचशी सरळ चालली. आकाश झाकले गेले तसे अरण्यातील लोक वळत वळत आपल्याच जुन्या वाटेवर येऊन पोहोचले, आणि त्यांस तर आपण सरळच चाललो आहो अशी खात्री वाटत होती. आमचे आजोबा म्हणत, चकवा लागला की चालू नये, बसून राहावे, उजाडू द्यावे. त्यांनी तो प्रयोग वाचलेला नव्हता. परंतु उपाय त्यांचाच बरोबर ठरला.

मग शहाण्यासुरत्या माणसासही भय का वाटावे? याचे उत्तर चार्ल्स डार्विनने स्वतःच्या फजितीने दिले आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आफ्रिकेतील एका जहाल विषारी सापाच्या पेटीस त्याने जाड काचेवरून आपले तोंड जवळ नेले. साप चावा घेण्यास झेपावला तरी आपण मागे सरावयाचे नाही, असा त्याचा दृढ निश्चय होता. साप झेपावला, काचेवर आपटला, आणि डार्विनसाहेब निश्चयासह वार-दोन वार मागे उडाले! ही हकीगत त्याने १८७२ साली आपल्या भावनाविषयक ग्रंथात स्वहस्ते लिहून ठेवली आहे. असा प्रामाणिकपणा आमच्या मामांस दाखविता आला असता तर मामींचे पुष्कळ श्रम वाचले असते. गोष्ट अशी की संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथींतून अॅड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. हृदय धडधडू लागते, तोंडास कोरड पडते, अंगावर काटा येतो, पायांस बळ चढते. हे सर्व बुद्धीस विचारून होत नाही. पाय आधी पळतात. कारणे शोधीत बुद्धी मागाहून धापा टाकीत येते.

सापाचा विषय निघालाच आहे, तर येथे थोडे थांबले पाहिजे. कारण सर्वच भये धोतराची नसतात. खानदेशात कापूस व केळी यांना पाणी देण्याकरिता शेतकऱ्यास कित्येकदा रात्रीच शेतात जावे लागते, कारण पंपास वीज रात्री मिळते. त्याच्या पायांखाली काय आहे याचे भय त्यास वाटते, आणि ते वाटलेच पाहिजे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार साप आमच्या भागात विशेष घातक. त्यांतही मण्यार कपटी म्हणून प्रसिद्ध; ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्यास चावते, आणि चावा इतका बारीक असतो की कित्येकांस तो कळतही नाही. परंतु धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे बिचारे बिनविषारी असूनही काठी खाऊन मरतात; त्यातून कवड्या मण्यारीसारखा दिसतो हा त्याचा अपराध. धामण गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते, नाग डूख धरतो, या गोष्टी आम्हीही मोठ्या आवडीने ऐकल्या आहेत. धामणीस दूध पिण्याची सोय नाही व नागास सूड लक्षात ठेवण्याची नाही. धामण उंदीर खाते, आणि ते उंदीर शेतकऱ्याच्या धान्याचे वाटेकरी असतात.

साप चावला की आमच्याकडे अजूनही कोणी मांत्रिकाचे नाव काढतो व त्याने वाचविलेल्या माणसांची यादी देतो. यादी खरी असते. ज्यांस बिनविषारी साप चावला ते सर्व त्या यादीत असतात. मांत्रिकाचे यश हे बहुधा धामणीचे यश होय. नागाच्या विषास मंत्र कळत नाही; त्यास लस कळते. घोड्यास विषाच्या लहान लहान मात्रा टोचीत गेल्याने त्याच्या रक्तात जे प्रतिकारक द्रव्य तयार होते, त्यापासून ही लस करतात, आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामी सर्वांस परिचित आहे. चावलेला अवयव हलवू नये, कापू नये, दोरीने करकचून आवळू नये, आणि तडक इस्पितळ गाठावे. रात्री शेतात जाताना हाती बॅटरी असावी व पायांत बूट असावेत. हेही आजीचेच शास्त्र झाले. फक्त येथे ‘देखी ये’ म्हणताना दोन हात दूर राहून देखावयाचे.

दोरीस साप समजण्याचा दृष्टान्त वेदान्तात फार प्रसिद्ध आहे. आमच्या घरी तो पायजम्याच्या नाडीने एकदा सिद्ध केला. परंतु त्या प्रसंगी जे पाटावर चढले होते ते आज प्रतिष्ठित गृहस्थ असल्यामुळे अधिक लिहिता येत नाही.

भयाविषयी खानदेशात जे सर्वांत मोठे विवेचन झाले ते तुरुंगात झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली, आणि सहबंदी असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सोळाव्या अध्यायातील दैवी गुणांच्या यादीत पहिले नाव अभयाचे आहे. विनोबांनी त्या गुणांस सैन्याची उपमा दिली व सांगितले की अभय आघाडीस उभे केले आहे आणि नम्रता पिछाडीस. ज्यांच्यापुढे ते बोलत होते ते सर्व कैदी होते. घर, पोट, मुलेबाळे यांची काळजी प्रत्येकाच्या उशाशी होती. अशा श्रोत्यांस अभयाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागला नसेल. आम्हांस त्या रचनेतील पिछाडी अधिक आवडते. नम्रता मागे नसेल तर अभय पुढे जाऊन नुसती दांडगाई करील.

तेच साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते व छात्रालयातील मुलांचे पालनकर्ते होते. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. त्यात श्यामच्या पोहण्याची गोष्ट आहे. श्यामला पाण्याचे भय वाटते, तो लपून बसतो. आई त्यास शोधून काढते, चोप देते व विहिरीवर धाडते. श्याम उडी घेतो. मारणारीही तीच, आणि पुढे मुलाच्या अंगावरील वळ पाहून डोळ्यांत पाणी आणणारीही तीच. या गोष्टीवर आमच्या वर्गात मोठा वाद झाल्याचे स्मरते. निम्म्या मुलांचे मत होते की आईने मारले नसते तर श्याम कधीच पोहला नसता; उरलेल्या निम्म्यांना स्वतःस पोहता येत नव्हते व त्यांनी या विषयावर मौन स्वीकारले. आमचे मत विचाराल तर आम्ही कंदीलपक्षाचे. काठीने मूल पाण्यात पडते. पण दारात कोणी उभे आहे हे ठाऊक असले तर ते आपणहून उतरते. तथापि त्या माउलीस आपला मुलगा भित्रा म्हणविला जाऊ नये याची जी तळमळ होती ती काठीहून मोठी होती, हे कबूल केले पाहिजे.

व्यासपीठाचे भय व परीक्षेचे भय यांवर विद्यार्थिमित्रांनी आमच्याहून चांगले निबंध लिहिले असते. सबब ते विषय त्यांजकडेच ठेवतो. स्नेहसंमेलनात राजाचे काम करणारा आमचा एक सहाध्यायी पडदा वर जाताच सिंहासनावरून उठून विंगेत गेला, पाणी प्यायला, परत येऊन बसला आणि मग गर्जला, एवढेच सांगतो. प्रेक्षकांस तो नाटकाचाच भाग वाटला. पुढच्या वर्षी राजाचे काम मिळालेल्या मुलाने पाण्याचा तांब्या सिंहासनाशेजारीच ठेवून घेतला.

आता सुईचे भय. लहान मुलांस ते असतेच; मोठ्यांसही असते, पण ते मुलांस घेऊन जाण्याच्या मिषाने दाराबाहेर थांबतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लोकांस रोगाइतकेच उपायांचेही भय वाटू लागले. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि तो बरा झाला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस ती दिली गेली. त्या पहिल्या रात्री ताप चढत असताना हाफकिन यास काहीच भय वाटले नसेल, असे आम्ही मानीत नाही. ज्याने तो जंतू दिवसरात्र पाहिला त्यास त्याचे भय इतरांहून अधिकच ठाऊक असणार. पण आपली लस काय करते हे आधी आपल्या अंगावर पाहावे, मग दुसऱ्याच्या दंडास हात लावावा, असा त्याचा क्रम होता.

आणि येथे पालकांची क्षमा मागून एक गोष्ट बोलावयाची आहे. मूल जेवत नाही, ‘‘डॉक्टर सुई टोचील’’. मूल झोपत नाही, ‘‘बागुलबुवा येईल’’. मूल उंबऱ्याबाहेर जाते, ‘‘झोळीवाला धरून नेईल.’’ ही तीन वाक्ये आम्ही खानदेशात ज्या ज्या घरी उतरलो त्या त्या घरी ऐकली आहेत, आणि ती म्हणणारी माणसे प्रेमळच होती. मूल जेवते, झोपते, उंबऱ्याआत येते. उपाय रामबाण ठरतो. मूल मोठे झाले की डॉक्टरचे भय जाते, कारण डॉक्टर रोज भेटतो. बागुलबुवाही जातो, कारण तो कधीच भेटत नाही. परंतु झोळीवाल्याचे काय? तो वर्षातून एकदा खरोखरच येतो, त्याची बोली निराळी असते, त्याचे गाव ठाऊक नसते, आणि त्याच्या झोळीत काय आहे हे कोणी पाहिलेले नसते. हे भय मरत नाही. ते मनाच्या माळ्यावर पडून राहते.

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. त्या दिवसांत मुले पळविणारी टोळी हिंडत असल्याचे संदेश व्हॉट्सअॅपवरून गावोगाव फिरत होते. बाजारात आलेल्या पाच परक्या माणसांचा लोकांस संशय आला. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून निर्वाह करणारे लोक होते. जमावाने त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण केली, आणि ते पाचही जण मेले. २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांस जन्मठेपेची शिक्षा दिली. टोळी वगैरे काही नव्हते.

तो गाव दुष्टांचा होता असे आम्ही म्हणणार नाही; तसे म्हणणे सोपे आहे, कारण मग आपला गाव निराळा ठरतो. त्या जमावातील प्रत्येकास कधीतरी कोणीतरी झोळीवाल्याचे नाव सांगून घरात बोलाविले असेल, जसे आम्हांस बोलाविले होते. एकट्याचे भय गोधडीत शिरते. शंभरांचे भय एकत्र झाले की ते दगड उचलते. आणि त्या शंभरांत, थांबा, यांचे गाव कोणते, यांचे नातलग कोण, एवढे विचारून घेऊ, असे म्हणणाऱ्याचा आवाज जमावास ऐकू गेला नाही. दोन मिनिटांचे काम होते.

२२ जानेवारी २०२५ रोजी सायंकाळी जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ परधाडे येथे याहून निराळे घडले, आणि तरी तेच घडले. लखनौहून मुंबईस जाणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसच्या एका डब्यात आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली. गाडी थांबताच पुष्कळ उतारू बाहेर पडले व शेजारच्या रुळांवर उतरले. त्याच रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस येत होती. किमान बारा माणसे मेली. आग लागलीच नव्हती. जे उतरले ते वेडे नव्हते. पेटत्या डब्यात बसून राहावे असे कोण म्हणेल? आमचे पाय डार्विनच्या पायांहून शहाणे आहेत असा आमचा दावा नाही. त्या डब्यात आम्ही असतो तर काय केले असते हे आम्ही स्वतःस पुष्कळदा विचारले आहे. त्या मार्गाने आता गाडीतून जाताना, ती जागा आली की डब्यातील जाणते लोक बोलणे थांबवितात, आणि एखादा तरी उतारू खिडकीतून दुसऱ्या रुळाकडे पाहतो.

गेल्या वर्षी थंडीत जळगावी आमच्या गल्लीत एक म्हातारा डवरी गोसावी आला होता. खांद्यास झोळी, कपाळी भस्म, हाती डौर. ज्या डौरावरून त्या समाजास डवरी हे नाव पडले तोच. त्याने डौर वाजविला तशी पटापट दोन-तीन दारे लागली. शेजारच्या ओट्यावर पाच वर्षांची एक मुलगी खेळत होती. तिची आजी आतून ओरडली, ‘‘घरात ये गं, नेईल तो!’’ मुलगी उठली. पण घरात न जाता पायऱ्या उतरून म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. हात पाठीमागे घट्ट धरलेले होते आणि पाय लटपटत होते, हे आम्हांस आमच्या खिडकीतून स्पष्ट दिसत होते.

‘‘बाबा, तुमच्या झोळीत काय आहे?’’ तिने विचारले.

म्हातारा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग तो खालच्या पायरीवर बसला व झोळी उघडून एकेक जिन्नस बाहेर काढू लागला. बाजरीच्या पिठाची पुडी निघाली, फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी निघाल्या, एक कांदा निघाला, औषधाच्या गोळ्या निघाल्या, आणि सर्वांच्या तळाशी काळ्या वायरीचे एक वेटोळे निघाले. मुलीने वाकून झोळीच्या तळापर्यंत नीट पाहिले. लागलेल्या दारांपैकी एक तेवढ्यात चार बोटे उघडले होते.

‘‘आजी,’’ ती मोठ्याने म्हणाली, ‘‘पोरगं नाहीये. चार्जर आहे.’’

आजी दारात आली. म्हाताऱ्याने तिला हात जोडले आणि विचारले, ‘‘माय, अर्धा तास लावू देता का? घरी नातीला फोन करायचा आहे.’’

आजीने त्याच्याकडे पाहिले, झोळीकडे पाहिले, आणि ओट्यावरील भिंतीतले बटण त्याला दाखविले.